लोअरिंग स्प्रिंग आणि ॲडजस्टेबल शॉकअप: मस्टँग जीटी कोकणात किती खाली बसवावी?

गावखडी

नमस्कार मंडळी. गाडी फोर्ड मस्टँग जीटी, ५.० व्ही८, २०१८ची, ऑटोमॅटिक. टायर पुढे २५५/४० आर१९, मागे २७५/४० आर१९. मीटरवर ४१ हजार. स्प्रिंगा आणि शॉकअप सगळे मूळचे. मागच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा आलाय, म्हणजे शॉकअप बदलायचेच आहेत. त्याच कामात गाडी थोडी खाली बसवावी असा विचार आहे.

गाडी रत्नागिरीत असते. वापर म्हणजे आरे-वारेचा किनारी रस्ता, महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूर आणि अधूनमधून जयगड-तवसाळ फेरीने गुहागर. पोटाखालची सगळ्यात खालची जागा सपाट फरशीवर १३० मिमी भरते, दोन माणसं आणि अर्धी टाकी धरून.

विचारायचंय ते असं:
१. २५ मिमी खाली की ३५?
२. लोअरिंग स्प्रिंग आणि वेगळे शॉकअप, की थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा उंची बदलता येणारा संच)?
३. फक्त स्प्रिंगा बदलून मूळचे शॉकअप ठेवले तर काय बिघडतं? (एका गॅरेजमध्ये मूळच्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून द्यायलाही तयार आहेत.)
४. खाऱ्या हवेत काय टिकतं?

टॉर्कपाना

गावखडी, चौथा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात हे फार बरं झालं. तो बहुतेकांना दोन पावसाळे गेल्यावर सुचतो.

किती खाली, हे नंतर ठरवू. आधी चाकाला वर जायला जागा किती आहे ते मोजा. गाडी चाकांवर उभी असताना पुढच्या स्ट्रटचं (स्प्रिंगच्या आतल्या शॉकअपचं) डस्ट कव्हर वर सरकवा आणि बंप स्टॉपच्या (दबण्याच्या शेवटी टेकणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) खालच्या टोकापासून स्ट्रटच्या डोक्यापर्यंतचं अंतर घ्या. समजा ते ७० मिमी भरलं. गाडी २५ मिमी खाली बसवली आणि स्ट्रट मूळचाच ठेवला, तर उरले ४५. ३५ मिमी बसवली तर उरले ३५.

आता खड्डा तोच आहे आणि त्याचा दणकाही तोच. स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गाने वाढते. ७०चा वर्ग ४९००, ४५चा २०२५. म्हणजे बंप स्टॉपला न टेकता तोच दणका पचवायला स्प्रिंग जवळजवळ २.४ पट ताठ लागेल. ३५ मिमी खाली गेलात तर चौपट. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा मूळच्यापेक्षा साधारण १५ ते ४० टक्के ताठ असतात. बाकीचा भार बंप स्टॉपवर येतो. लोक ज्याला "स्प्रिंगा फार कडक निघाल्या" म्हणतात, तो बहुतेक वेळा बंप स्टॉपवर आदळण्याचा आवाज असतो.

यावर उपाय म्हणजे आखूड अंगाचा शॉकअप. बिलस्टीन या शॉकअप कंपनीच्या मालात बी६ मूळ लांबीचा आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड, हा फरक याचसाठी आहे. आखूड अंगामुळे गेलेल्या जागेतली बरीचशी परत मिळते. दोन्हीचं डॅम्पिंग (हालचालीला होणारा विरोध) कारखान्यातच ठरलेलं असतं, ते बाहेरून फिरवता येत नाही.

वेढा कापण्याबद्दल. अजिबात नको. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के ताठ होते, इथवर ठीक. पण कापलेलं टोक खालच्या वाटीत (स्प्रिंगच्या बैठकीत) नीट बसत नाही, आणि गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खोल खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून फिरते. परत खाली येताना ती वाटीच्या कडेवर बसली तर तिथेच तुटते. कोणी गॅसच्या ज्योतीवर तापवून "बसवतो" म्हणाला तर किल्ली परत घ्या. पोलादाचं पाणीच उतरतं त्याने.

साखरतर

टॉर्कपाना यांनी आतल्या जागेचा हिशेब दिला, मी बाहेरच्या जागेचा देतो. खर्च ठरवायच्या आधी गतिरोधक बघा.

आयआरसी:९९ या भारतीय रस्ते मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २७२० मिमी. अशा गोल पाठीवर दोन्ही चाकं असताना मधल्या भागाला लागणारी उंची निघते जेमतेम ५४ मिमी. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ९५ मिमीची गाडीसुद्धा आरामात जाते.

अडचण गावातल्या वाडीसमोर हाताने ओतलेल्या आखूड गतिरोधकाची. तो मीटरभर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच असला की पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अजून अलीकडे, आणि मधे पोटाला पूर्ण १२० मिमी लागतात. आज १३०वर तुम्ही १० मिमीने सुटता. २५ मिमी खाली बसवलीत की १०५, आणि गाडी १५ मिमीने टेकते. गाडीचं पोट ओलांडू शकेल असा कोन आज सुमारे १०.९ अंश आहे, १०५वर ८.८ आणि ९५वर ८. ऐकायला दोन-तीन अंश, पण चिऱ्याच्या फाटकाशी असलेल्या चढाला तेवढेच पुरतात.

म्हणून टेप घेऊन तुमच्या रोजच्या वाटेवरचे तीन सगळ्यात वाईट गतिरोधक मोजा: उंची आणि रुंदी. तिरकं चढून एकेक चाक नेलं तर थोडी सूट मिळते. आणि ब्रेक दाबून गतिरोधकावर चढू नका. मध्यम ब्रेकला, अर्धा जी धरा, या वजनाच्या गाडीचं नाक २० मिमीच्या आसपास खाली जातं. ब्रेक अलीकडे संपवायचा, पाय सोडायचा, नाक वर आलं की चढायचं.

फेरीबद्दल: धक्क्याच्या उतारावरून फळीवर चढताना नाक लागतं आणि फळीवरून डेकवर जाताना पोट. ओहोटीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, तिथे मागच्या चाकांची ताकदवान गाडी घसरतेही. भरतीच्या आगेमागे जा आणि फळीशी काटकोनात शिरण्याचा हट्ट धरू नका. जागा असेल तर थोडं तिरकं घ्या.

चिरेखाण

माझं मत थोडं वेगळं आहे. साखरतर यांचा हिशेब बरोबर आहे आणि तोच कॉइलओव्हरच्या बाजूने बोलतो. स्प्रिंग एकदा बसवली की उंची ठरली. कॉइलओव्हरमध्ये पावसाळ्यात १० मिमी वर, दिवाळीनंतर परत खाली, असं करता येतं.

प्रकार समजून घ्या. केडब्ल्यू कंपनीच्या मालात व्हेरिएंट १ म्हणजे फक्त उंची, व्हेरिएंट २ म्हणजे उंची आणि रिबाउंड (उघडतानाचा विरोध), व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) दोन्ही वेगवेगळे. बिलस्टीनमध्ये बी१४ फक्त उंचीचा. बी१६ला दहा पायऱ्या, पण एकाच बटणावर रिबाउंड आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकत्र हलतात. खाऱ्या हवेसाठी केडब्ल्यूच्या स्टेनलेस नळ्यांचा मोठा फायदा आहे. आटे स्टेनलेसचे आणि त्यावर फिरणारी वाटी संमिश्र प्लास्टिकची, त्यामुळे दोन धातू एकमेकांना खात नाहीत.

टॉर्कपाना

चिरेखाण, मालाच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. पण "पावसाळ्यात वर, दिवाळीत खाली" यात एक गोष्ट राहिली. या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी आहेत, स्प्रिंग आर्मवर चाकापासून आतल्या बाजूला बसते. त्यामुळे वाटी १० मिमी फिरवली की चाकाशी १० मिमी बदल होत नाही. स्प्रिंग चाकाच्या ०.७ पट हलते असं धरा, तर वाटीचे १० मिमी म्हणजे चाकाशी १४ मिमी. ताठपणाला तर हा आकडा दोनदा लागतो: ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ६० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकाशी फक्त २९ची वाटते. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणि प्रत्येक वेळी उंची बदलली की टो (वरून बघता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलतो, म्हणजे अलाइनमेंट परत. वर्षातून दोनदा हा खर्च आणि खटपट करणार असाल तर कॉइलओव्हर घ्या. नाहीतर चांगल्या स्प्रिंगा आणि जुळणारे शॉकअप यात पैसे नीट जागी लागतात.

अजून एक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. फार खाली बसवली की खालचे आर्म चाकाकडे वर चढलेले दिसतात. तिथून गाडीचं रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि वळणात कलंडायला लांब तरफ मिळते. म्हणजे गाडी खाली दिसते आणि आंबा घाटाच्या वळणात मात्र जास्त झुकते. आर्म साधारण आडवे राहतील इतकंच खाली जा.

सुरंगी

शॉकअपच्या घट्टपणाबद्दल लिहिते, कारण ॲडजस्टेबल घेतला की लोक पहिल्याच दिवशी पूर्ण घट्ट करतात.

मानू की पुढच्या एका चाकावर ४२० किलो तोललेलं वजन आहे आणि चाकाशी ताठपणा २८ न्यूटन प्रति मिमी. गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलते. स्प्रिंग २५ टक्के ताठ, म्हणजे ३५ केली तर १.४५ वेळा. आणि डॅम्पिंग किती वाढवायचं? ते ताठपणाच्या वर्गमुळाने वाढतं: १.२५चं वर्गमूळ १.१२. फक्त १२ टक्के. इतकं कमी. मूळचा शॉकअप धड असेल तर मापाच्या लोअरिंग स्प्रिंगसाठी तो घट्टपणात फारसा कमी पडत नाही, त्याचं अंग मात्र लांब पडतं. तुमचा तर गळायला लागलाय, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिटलं.

कोनी यलो या ॲडजस्टेबल शॉकअपमध्ये फिरवता येतो तो रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध. पूर्ण मऊ ते पूर्ण घट्ट साधारण दोन फेरे. काही मॉडेलला दांड्याच्या डोक्यावर बोंडी असते, बॉनेट उघडून फिरवता येते. काहींना शॉकअप काढून, पूर्ण दाबून, दांडा फिरवावा लागतो. मागवताना तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरला यातला कोणता प्रकार येतो ते विचारा. काढून फिरवायचा असेल तर रोजच्या प्रयोगाचा विचार सोडा, एकदाच विचारपूर्वक लावा.

लावायची पद्धत: रोजच्या वाटेवरचा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा निवडा ज्यात एक गतिरोधक, एक उखडलेला पॅच आणि एक लांब वळण आहे. पूर्ण मऊपासून सुरुवात. गतिरोधक उतरल्यावर गाडी वर येते, खाली जाते आणि परत एकदा उचलते, तर अजून मऊ आहे. पाव फेरा घट्ट करा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि तोच तुकडा त्याच वेगाने. एकदा उचलून थांबली की तिथे थांबा. पुढचे झाले की मगच मागचे हात लावा. क्लिकवाला शॉकअप असेल तर क्लिक नेहमी पूर्ण बंद टोकापासून मोजा, मऊ बाजूचं टोक नेमकं लागत नाही.

जास्त घट्ट झाल्याची खूण महामार्गावर रंबल स्ट्रिपच्या ओळीत कळते. रिबाउंड घट्ट असेल तर स्प्रिंगला दोन पट्ट्यांच्या मधे उघडायला वेळ मिळत नाही. प्रत्येक पट्टीला गाडी अजून थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या दोन-तीन पट्ट्या बंप स्टॉपवर घेते. पहिली पट्टी मऊ आणि शेवटची कडक वाटली तर पाव फेरा परत. पावसात मागचा रिबाउंड मी नेहमी पाव फेरा मऊ सुचवते, ओल्या पॅचवर चाक जमिनीला चिकटून राहतं.

कॉम्प्रेशनचं बटण असलंच तर ते खड्ड्याचा दणका मऊ करण्यासाठी नाही हे ध्यानात घ्या. बहुतेक बटणं संथ हालचालीवर चालतात: नाक दबणं, वळणात झुकणं. खड्ड्याचा दणका आतल्या पत्र्याच्या चकत्या ठरवतात, बाहेरून त्यांना हात लागत नाही.

गावखडी

सुरंगीताई, टॉर्कपानादादा, मनापासून आभार. मोजून आलो. पुढे बंप स्टॉपपर्यंत ६२ मिमी, मागे ७०च्या आसपास. गतिरोधक तीन: एक ११० मिमी, एक १२५, आणि घराजवळचा ९५.

म्हणजे २५ मिमीसुद्धा जास्त होईल ना? आणि मोनोट्यूब (एकाच नळीचा, गॅस भरलेला शॉकअप) बसवला की गाडी आपोआप थोडी वर राहते असं ऐकलं, खरं का?

टॉर्कपाना

खरं आहे. मोनोट्यूबमध्ये गॅस सुमारे २५ बार दाबाने भरलेला असतो आणि तो दांड्याला कायम बाहेर ढकलतो. ११ मिमी जाडीच्या दांड्यावर हा जोर साधारण २४० न्यूटन, म्हणजे २८च्या स्प्रिंगवर ८ मिमी. दांडा जाड तर जोर जास्त. म्हणून "२५ मिमी" लिहिलेली स्प्रिंग मोनोट्यूबवर १७-१८ मिमीच बसलेली दिसते, आणि लोक स्प्रिंगवाल्याला दोष देतात.

तुमच्या १२५च्या गतिरोधकाला आजच ५ मिमी उरतात. तो सरळ घ्यायचा नाहीच, तिरका घ्या किंवा वाट बदला. ११०वाल्यासाठी पोटाखाली ११२ तरी हवेत, म्हणजे प्रत्यक्षात १८ मिमीपेक्षा खाली नाही. खोक्यावर २५ मिमी लिहिलेली सौम्य स्प्रिंग आणि मोनोट्यूब ही जोडी तिथेच उतरते. ६२ मिमीतून १८ गेले, ४४ उरले, त्यात आखूड अंगाच्या शॉकअपने काही परत मिळाले. ३५चा विचार या रस्त्यांसाठी सोडाच.

आयबाख कंपनीचं प्रो-किट या जातीचं आहे: प्रोग्रेसिव्ह, सुरुवातीचे वेढे जवळजवळ, पुढचे विरळ. माल आला की खोक्यावरचा नंबर स्प्रिंगवर छापलेल्या नंबराशी ताडून पाहा, पुढच्या-मागच्या ओळखून ठेवा.

सर्जेकोट

इकडे मालवणात, समुद्रापासून पाचशे मीटरवर, स्प्रिंग कशाने मरता ता सांगतंय. आधी मोजलास ता बरा केलास. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

स्प्रिंग मधे तुटत नाही, खालच्या दीड वेढ्यात तुटते. वाटीत तांबडी माती आणि बारीक खडी बसते, वेढा तिच्यावर घासतो, वरचा इपॉक्सीचा थर नखाएवढा उडतो. तिथे खारं पाणी शिरतं, टाचणीच्या टोकाएवढा खळगा पडतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. बाहेरून स्प्रिंग काळी, चकचकीत दिसते. वाटीतला तो एक इंच मात्र तांबडा झालेला असतो. टॉर्च धरून तोच इंच बघा, दर सहा महिन्यांनी.

म्हणून बसवायच्या आधीच: खोक्यातून काढल्यावर थर उडालेला दिसला तर झिंक प्रायमर आणि वर काळा रंग, पूर्ण वाळू द्या. खालच्या वेढ्यावर रबरी नळीचं कव्हर मूळ गाडीला असेल तर नवीन घ्या, जुनं वापरू नका. वाटीतलं पाणी जायचं भोक तारेने मोकळं करा. ते बुजलेलं असतं, नव्वद टक्के भानगड तिथे असते.

कॉइलओव्हर घेतलात तर: पोलादी नळीवर ॲल्युमिनियमची चकती असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोघांची जुगलबंदी लागते आणि चकती जाम होते. मग हातोडी-छिन्नी आणि आटे खलास. दर महिन्याला गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने आटे धुवा, वाळवा, वर वॅक्सचा किंवा कोरड्या टेफ्लॉनचा फवारा. ग्रीस नको. ग्रीसला तांबडी माती चिकटली की तिचा सॅंडपेपर होतो. चकती हलवायच्या आधी आटे स्वच्छ, नंतरच पाना.

प्रेशर वॉशरचा झोत चाकांच्या आत मारा, पण दांड्याच्या सीलवर आणि खालच्या ॲडजस्टरच्या बोंडीवर समोरून मारू नका. बोंडीला रबरी टोपी असते, ती हरवली तर त्याच दिवशी नवीन घाला. आत चिखल गेला की क्लिक लागणं बंद होतं. आणि काही झालं तरी पुळणीवर गाडी घालू नका. भिजलेली वाळू डस्ट कव्हरच्या घड्यांत बसते आणि दांड्याच्या क्रोमवर उभ्या रेघा ओढते. एक रेघ पुरे, सील गेलं.

चिरेखाण

सर्जेकोट, अगदी बरोबर. वाटीच्या भोकाबद्दल मी लिहायला हवं होतं. गावखडी, तुमचे मोजलेले आकडे बघून मीही सांगतो, स्प्रिंग आणि शॉकअपच घ्या. तुमच्याकडे खाली-वर करायला एकूण १८ मिमीच आहेत, त्यासाठी कॉइलओव्हरची किंमत भरून येत नाही.

सुरंगी

बसवण्याचं काम. वर्कशॉप मॅन्युअल समोर ठेवा, टॉर्कचे आकडे त्यातूनच घ्या. दुसऱ्या मॉडेलचे आकडे कोणी तोंडी सांगितले तर लावू नका.

मागवायचं साहित्य: स्प्रिंगा चार, शॉकअप चार, पुढची टॉप माउंटिंग बेअरिंगसह दोन, डस्ट कव्हर चार, मागच्या स्प्रिंगचे वरचे-खालचे रबर. बंप स्टॉप शॉकअपच्या पत्रकाप्रमाणे: उलट्या बांधणीच्या मोनोट्यूब स्ट्रटमध्ये तो आतच असतो, वरून मूळचा घातला तर हालचाल आणखी आखडते. मॅन्युअलमध्ये "एकदाच वापरायचे" लिहिलेले सगळे नट-बोल्ट नवीन. ४१ हजारांवर लिंक रॉडचे सांधे हाताने हलवून बघा, सैल असतील तर आत्ताच बदला.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या आणि कागदावर लिहा. जमिनीपासून घेतलं तर टायरची हवा आणि झीज मधे येते.

पुढे: गाडी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर), जॅकवर सोडून खाली जायचं नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी स्ट्रटच्या पट्टीतून सोडवा, लिंक रॉड काढा. स्ट्रटला चाकाच्या नकलशी (चाक धरणाऱ्या भागाशी) धरणारे दोन मोठे बोल्ट काढण्याआधी नकलला तारेने किंवा पट्ट्याने बांधा, नाहीतर ते बाहेर पडून ब्रेकच्या नळीवर लोंबकळतं. वरचे तीन नट शेवटी.

स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंना समोरासमोर, सारखे फेरे. मधला नट इम्पॅक्ट गनने उघडू नका, नव्या शॉकअपवर तर मुळीच नाही. दांडा गरगर फिरतो आणि आतलं सील, पिस्टनचा नट सैल होऊ शकतो. दांडा वरून ॲलन चावीने धरायचा आणि नट आरपार सॉकेटने. दांड्याच्या चकचकीत भागाला पकड लावायची नाही, कापड गुंडाळूनही नाही. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला भिडलंय याची बोटाने खात्री करा. गाडी उचललेली असताना चाक पूर्ण लोंबूनही स्प्रिंग हाताने फिरत असेल तर थांबा, भाग चुकलाय किंवा वरखाली लागलाय.

मागे आर्म हळूहळू जॅकने उतरवा, ब्रेकच्या नळीवर आणि ॲक्सलवर ताण येऊ देऊ नका. स्प्रिंगचं रबर जुन्याच कोनात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. आर्मच्या बुशमधून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत घट्ट करू नका. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लोंबलेल्या स्थितीत घट्ट केलं की गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं: गाडी ५-१० मिमी वर दिसते, सवारी कडक लागते आणि वर्षभरात बुश फाटतं. बोल्ट हाताने टेकवा, गाडी चाकांवर उतरवा (पिटवर किंवा चार पोस्टच्या लिफ्टवर), दोन-तीनदा दाबून बसवा, मग टॉर्क पाना. लिफ्ट नसेल तर खालच्या आर्मखाली जॅक लावून लिहून ठेवलेलं माप वजा १८ मिमी येईपर्यंत उचला आणि तिथे घट्ट करा.

आट्यांना कॉपर ग्रीस लावायचा मोह आवरा. आटे निसरडे झाले की तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो. गंजाच्या भीतीने लावायचंच असेल तर बोल्टच्या गुळगुळीत अंगाला लावा आणि घट्ट झाल्यावर बाहेरून वॅक्स मारा.

साखरतर

अलाइनमेंटचं मी लिहितो. त्याच दिवशी एकदा, आणि स्प्रिंगा बसल्यावर ५०० किमीनंतर परत. दोन्ही वेळा टाकी अर्धी, टायरची हवा बरोबर.

आतून टायर खाल्ला की लोक कॅम्बरला (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या तिरकेपणाला) दोष देतात, खरं खाणारा असतो टो. १९ इंची रिमवर एका चाकाचा टो २ मिमी चुकला तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे चार मीटर आडवं घासत जातं. रत्नागिरी-कोल्हापूर एका खेपेत अर्धा किलोमीटर.

या वापरासाठी माझे आकडे: पुढे कॅम्बर उणे १.२ ते १.५ अंश, टो शून्य ते अगदी किंचित आत. मागे कॅम्बर उणे १.३ ते १.५, टो दोन्ही मिळून ०.२ ते ०.३ अंश आत. मागचा टो बाहेर गेलेला चालत नाही, ओल्या घाटात या ताकदीच्या गाडीला तो घातक आहे. डावी-उजवी फरक ०.३ अंशाच्या आत. मशीनवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा दोन्ही कागद मागून घ्या. मागचे बोल्ट फिरवायला कंटाळून "मागे सेटिंग नसतं" म्हणणारे भेटतात. या गाडीला मागे सेटिंग आहे.

हेडलाइटची उंची भिंतीवर तपासा. पुढचा-मागचा उतार वेगळा झाला तर झोत हलतो, समोरच्याच्या डोळ्यात जाता कामा नये.

टॉर्कपाना

कागदपत्रांचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये वाहनातले बदल येतात, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकावर ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा. मूळच्या स्प्रिंगा तेल पुसून, गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. टाकू नका.

गावखडी

ठरलं. खोक्यावर २५ मिमीच्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगा आणि आखूड अंगाचे मोनोट्यूब, प्रत्यक्ष उतार १८च्या आत. ॲडजस्टेबलचा हट्ट सोडला. साहित्याची यादी सुरंगीताईंच्या पोस्टवरून तशीच उतरवली. चाकाचा मध्य ते मडगार्ड ही चारही मापं घेऊन डायरीत लिहिली आहेत.

एकच शंका. काम श्रावणात करू की पाऊस संपल्यावर?

सर्जेकोट

पाऊस संपल्यावर कर. भर पावसात नवीन स्प्रिंगच्या वाटीत पहिल्याच आठवड्यात चिखल बसतो, आणि प्रायमर दमट हवेत नीट वाळत नाही. तोवर गळका शॉकअप घेऊन घाट चढू नको. गळका तेवढा एक नाही, मागचे दोन्ही जोडीने बदल. साधे मूळच्या लांबीचे चालतील, नंतर ते जुन्या स्प्रिंगांबरोबर बांधून ठेव. आणि वाटीचं भोक आजच तारेने उघड, त्याला नव्या स्प्रिंगची वाट बघायला नको.